तिचं काम पाहिलंय का?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर वार्ताहर राहिले. संपादकपद चालून आलं तेव्हाही त्यांनी बाहेर फिरणं सोडलं नाही. तेव्हा इथं उभं राहणाऱ्यानं पत्रकारितेवर बोलावं, ही अपेक्षा रास्तच आहे. मीही त्यावरच बोलणार आहे, पण एका डच चित्रपटाच्या वाटेनं.

चित्रपटाचं नाव ‘इंटरव्ह्यू’, साल २००३, दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग. जवळपास सगळा चित्रपट एका घरात घडतो आणि त्यात म्हणावीत अशी दोनच माणसं आहेत, एक पत्रकार आणि एक नटी. चार वर्षांनी, २००७ मध्ये, स्टीव्ह बुसेमी या अमेरिकन नटानं तोच चित्रपट न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत पुन्हा केला. दिग्दर्शनही त्याचंच आणि पत्रकारही तोच; नटी झाली सिएना मिलर. आपल्यापैकी कुणी पाहिला असेल तर बहुधा हा दुसरा, म्हणून गोष्ट त्याच्याच आधारानं सांगते. शेवटही सांगणार आहे. तो लपवून या चित्रपटावर काही बोलताच येत नाही.

पिएर हा राजकीय पत्रकार. युद्धं पाहून आलेला, मंत्र्यांच्या मागे धावलेला. नेमकी त्याच दिवशी राजधानीत मोठी बातमी फुटते आहे आणि संपादकानं त्याला पाठवलंय कात्या नावाच्या एका लोकप्रिय नटीची मुलाखत घ्यायला. ही आपल्याला दिलेली शिक्षाच आहे, असं त्याच्या मनानं घेतलंय. कात्या उपाहारगृहात तासभर उशिरा येते. आल्यावर तिच्या लक्षात येतं की या माणसानं काहीच तयारी केलेली नाही. तिचा एकही चित्रपट त्यानं पाहिलेला नाही. तिच्याबद्दल त्याला जे माहीत आहे ते सगळं ऐकीव: कुणाबरोबर फिरली, कुठली शस्त्रक्रिया करून घेतली. दोघांत खटका उडतो आणि ती उठून जाते. तोही टॅक्सीत बसतो. टॅक्सीवाल्याचं लक्ष रस्त्यानं चाललेल्या तिच्याकडे जातं, टॅक्सी समोर आदळते आणि याच्या डोक्याला मार बसतो. तिचं घर जवळच असतं. ती त्याला घरी घेऊन जाते.

तिथून पुढे एक रात्र. दारू, सिगारेटी, मध्येच वाजणारा फोन, थोडी जवळीक, बरंच भांडण. ती फोनवर गुंतलेली असताना तो तिचा लॅपटॉप उघडून डायरीसारखं काहीतरी वाचतो. मग दोघांत एक सौदा ठरतो: तू तुझं सगळ्यांत खोलवरचं गुपित सांग, मी माझं सांगतो. ती तिच्या गंभीर आजाराविषयी बोलते. तो आपल्या बायकोच्या मृत्यूविषयी बोलतो, आणि ते साधं दुःख नाही, ती गुन्ह्याची कबुली आहे. दोन्ही गोष्टी कॅमेऱ्यावर उतरतात. मोठं घबाड हाती लागल्याच्या आनंदात तो बाहेर पडतो आणि रस्त्यावर त्याला कळतं की ज्याला आपण तिची डायरी समजलो, ते तिच्या एका भूमिकेचं लिखाण होतं. तिचा कबुलीजबाब हा अभिनय होता. त्याच्या कबुलीची टेप मात्र तिच्याचकडे राहिली आहे.

चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट बोलतो. एक, नटीनं पत्रकाराला छान धडा शिकवला. दोन, कुणाचाच भरवसा नाही, सगळेच एकमेकांना वापरतात. दोन्हींवर माझं समाधान होत नाही. मला वाटतं, पिएरच्या हरण्याचं कारण फार साधं आहे आणि ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगून झालेलं आहे. त्यानं तिचं काम पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर तो मजकूर वाचताना कुठेतरी त्याचा कान टवकारला असता. ती रडते कशी, थांबते कशी, वाक्य अर्धवट कुठे सोडते, हे त्याला ओळखू आलं असतं. ती त्याच्यासमोर, दोन हातांवर बसून तिचा व्यवसाय करते आहे आणि ते काम चाललंय हेच त्याला दिसत नाही. कारण ते काम आहे हे तो मुळात मानतच नाही. राजकारण हे काम, युद्ध हे काम. मालिकेत रडणं म्हणजे काय, चेहरा चांगला असला की झालं.

हा आळस नाही. आळशी पत्रकार चार कात्रणं चाळून तरी जातो. ही तुच्छता आहे. तुच्छतेमुळे माणूस आंधळा होतो असं आपण नुसतं म्हणतो. या चित्रपटात ते आंधळेपण तासभर डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

मूळ डच चित्रपटात ही तुच्छता आणखी धारदार आहे, कारण तिथं त्या संध्याकाळी सरकार पडायच्या बेतात आहे आणि पत्रकाराचा जीव, जिथून सरकार चालतं त्या हेगमध्ये अडकलेला आहे. डच प्रेक्षकाला ही कल्पना फार दूरची नव्हती. २००२ या एका वर्षात तिथं दोन सरकारं गेली होती. एप्रिलमध्ये विम कोक यांचं सरकार गेलं, बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडात डच सैनिकांची भूमिका काय होती, यावरचा अहवाल आल्यानंतर. ऑक्टोबरमध्ये बाल्केनेंडे यांचं पहिलं सरकार गेलं, तीन महिनेसुद्धा पुरे न होता. अशा काळात राजकीय वार्ताहराला नटीकडे पाठवणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. आणि नटी कोण, तर कात्या स्खुरमन. ‘खुडे टाइडन, स्लेख्टे टाइडन’ या रोज चालणाऱ्या डच मालिकेतून ती घरोघरी पोचलेली होती. चित्रपटातल्या पात्राचं नावही कात्याच. पत्रकार झालेला पिएर बोकमा हा रंगभूमीवरचा मोठा नट, आणि त्याच्याही पात्राचं नाव पिएर. म्हणजे ‘ही काय मालिकेतली पोरगी’ हा पूर्वग्रह पडद्यावरच्या पिएरपुरता नव्हता. तिकीट काढून आलेल्या कित्येक प्रेक्षकांच्या मनातही तो असणार. स्खुरमन त्या बोकमासमोर उभी राहते आणि पाऊलभरही मागे हटत नाही. प्रेक्षकही पिएरबरोबर फसतो, आणि मला तो या चित्रपटाचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो.

आता थोडं तंत्राविषयी बोलते. विषयाचं मर्म तिथंच आहे.

दोन माणसं बोलत असतात तेव्हा साधारणपणे चित्रपटात ते कसं टिपतात? आधी दोघांचा एकत्र शॉट. मग कॅमेरा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. त्याची सगळी वाक्यं घेऊन झाली की प्रकाशयोजना बदलायची, कॅमेरा पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्याची वाक्यं घ्यायची. यात कधी कधी अर्धा दिवस जातो. जो नट चौकटीत नसतो तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून वाक्यांची ‘क्यू’ देतो, आणि मोठा तारा असेल तर तेवढाही थांबत नाही, त्याची वाक्यं सहायक दिग्दर्शक वाचतो. पडद्यावर आपल्याला वाटतं की ती बोलली आणि त्याचा चेहरा पडला. प्रत्यक्षात तिचं बोलणं सकाळचं असतं आणि त्याचा चेहरा पडलेला असतो दुपारच्या जेवणानंतर.

व्हॅन गॉगनं हे टाळलं. तो एकाच वेळी तीन डिजिटल कॅमेरे लावायचा. एक सतत तिच्यावर, एक सतत त्याच्यावर आणि तिसरा दोघांना मिळून टिपणारा. प्रसंग लांबच्या लांब चालू द्यायचा. त्यामुळे ऐकणाऱ्याचा चेहरा त्याच क्षणाचा मिळतो. वाक्य लागलं तर त्या वाक्यानंच लागलेलं असतं. नटाला ‘आता माझ्यावर कॅमेरा नाही’ म्हणून सैल पडण्याची सोय उरत नाही. बुसेमीनं नवा चित्रपट करताना ही पद्धत तशीच ठेवली. छायालेखक थॉमस किस्ट हाही व्हॅन गॉगच्याच गोटातला.

मुलाखतीवरच्या चित्रपटाला ही पद्धत इतकी चपखल का बसते? मुलाखत म्हटली की आपलं लक्ष उत्तर देणाऱ्याकडे असतं. प्रश्न विचारणारा चौकटीबाहेर. वर्तमानपत्रात तर तो जाड टाइपातली एक ओळ असतो. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय, तो कंटाळलाय का, त्याला हवं ते वाक्य मिळाल्यावर त्याचे डोळे कसे चमकतात, हे कधीच दिसत नाही. इथं त्याच्यावरही तितकाच कॅमेरा आहे, तितकाच वेळ, तितक्याच जवळून. कात्या तिच्या आजाराबद्दल सांगते तेव्हा पिएरच्या तोंडावर दोन गोष्टी एकदम उमटतात, कणव आणि हाव. वेगवेगळ्या घेऊन जोडलेल्या दोन शॉटमध्ये त्या इतक्या सरमिसळ दिसल्या नसत्या. ज्यांनी कधी कुणाची मुलाखत घेतली आहे त्यांनी हा चेहरा जरूर पाहावा. तो चेहरा मी ओळखते. आपल्या धंद्यातल्या कुणालाही तो परका वाटू नये.

व्हॅन गॉग हा काही साधुपुरुष नव्हता. वर्तमानपत्रांतून तो जहाल, पुष्कळदा अर्वाच्य स्तंभ लिहायचा. ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती, स्वतःचे सहकारी, कुणालाच त्यानं सोडलं नाही, आणि त्यातलं काही मला आजही किळसवाणं वाटतं. दूरचित्रवाणीवर तो मुलाखतीही घ्यायचा. म्हणजे खुर्चीच्या दोन्ही बाजू त्याला ठाऊक होत्या. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा भाऊ थिओ, त्याचा हा पणतू. २ नोव्हेंबर २००४ रोजी सकाळी, सायकलवरून कामाला जात असताना, ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर एका धर्मांध तरुणानं त्याला गोळ्या घातल्या आणि वर सुरा चालवला. डच खासदार अयान हिरसी अली यांच्याबरोबर केलेला, इस्लाममधल्या स्त्रियांच्या छळावरचा ‘सबमिशन’ हा लघुपट त्याला निमित्त झाला. जगभर त्याचं नाव झालं ते त्या खुनामुळे, आणि त्याचे चित्रपट त्या नावाखाली गाडले गेले. आपले काही चित्रपट न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत पुन्हा करायचं त्याच्या मनात होतं. ते त्याच्या मागे त्याच्या निर्मात्यांनी अमेरिकन नटांना हाताशी धरून पुरं केलं; बुसेमीचा ‘इंटरव्ह्यू’ त्यातला पहिला. त्यात स्वतः कात्या स्खुरमन एका छोट्या प्रसंगापुरती दिसते. तिला ओळखणारा प्रेक्षक अमेरिकेत फारसा नव्हता, तरी तिला घेतलं, याचं मला फार बरं वाटतं.

सिएना मिलरची निवड हाही निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. त्या काळात ब्रिटिश टॅब्लॉइड तिच्या हात धुऊन मागे लागली होती. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, लंडनमध्ये वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगापुढे तिनं साक्ष दिली. रात्रीच्या अंधारात रस्त्यावर दहा पुरुष आपल्या मागे धावायचे आणि त्यांच्या हातात कॅमेरे आहेत एवढ्याच कारणानं ते कायदेशीर ठरायचं, असं तिनं तिथं सांगितलं. खासगी गोष्टी छापून यायला लागल्यावर तिनं आपल्याच घरच्यांवर आणि जिवलग मित्रमैत्रिणींवर संशय घेतला होता, त्यांना समोर बसवून जाब विचारला होता. पुढे उघड झालं की फितूर कुणीच नव्हतं, तिच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकले जात होते. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राला त्यापायी तिला एक लाख पौंड द्यावे लागले. पिएर जेव्हा तिचा लॅपटॉप उघडतो तेव्हा हे सगळं अजून उजेडात यायचं होतं. आज तो प्रसंग पुन्हा पाहताना अंगावर काटा येतो.

याच विषयावरचा दुसरा एक मोठा चित्रपट आपल्या देशातला आहे, सत्यजित राय यांचा ‘नायक’, १९६६ चा. तिथं नट पुरुष आहे आणि पत्रकार बाई. उत्तम कुमार झालाय अरिंदम, बंगालचा सगळ्यांत मोठा तारा, पुरस्कार घ्यायला रेल्वेनं दिल्लीला निघालेला. शर्मिला टागोर झालीय अदिती, ‘आधुनिका’ नावाचं स्त्रियांचं मासिक चालवणारी. तिलाही सुरुवातीला नटांबद्दल फारसं प्रेम नाही. खप वाढावा म्हणून मुलाखत घ्यावी, एवढाच हेतू. भोजनयानात ती त्याच्यासमोर बसते, प्रश्न विचारते आणि टेबलाखाली लपवून टिपणं घेते. तो बोलत जातो, स्वप्नं, भीती, ज्यांना दुखावलं ती माणसं. बन्सी चंद्रगुप्त यांनी तो डबा स्टुडिओत उभा केला होता, खिडकीबाहेर धावणारा मुलूख पडद्यावरचा आहे. तरी त्या टेबलाच्या दोन बाजूंचं अंतर इतकं खरं वाटतं की डबा खोटा असल्याचं आठवतही नाही. रात्री तो दारूच्या नशेत आणखी काही सांगू पाहतो तेव्हा अदितीच त्याला थांबवते. सकाळी त्याच्यासमोर ती आपली टिपणं फाडून टाकते.

कित्येक पत्रकार मित्रांना हा शेवट भाबडा वाटतो. नटानं जे आपण होऊन सांगितलं ते छापायचं नाही, तर मग मासिक कशाला चालवायचं? प्रश्न चुकीचा नाही. अमेरिकन पत्रकार जेनेट माल्कम यांनी ‘द जर्नलिस्ट अँड द मर्डरर’ या पुस्तकात असं दाखवून दिलंय की विश्वास संपादन करून त्याचा घात करणं हे या धंद्याच्या बांधणीतच आहे, वार्ताहर कितीही सज्जन असो. अदितीनं तो धंदाच त्या क्षणापुरता बाजूला ठेवला. मला मात्र त्या फाडण्यापेक्षा त्याच्या आधीचं काही महत्त्वाचं वाटतं. गप्पांच्या ओघात अरिंदम तिला आपल्या कामाबद्दल सांगत असतो. रंगभूमीवरून कॅमेऱ्यासमोर येताना काय बदलावं लागलं, एका जुन्या नटानं पहिल्याच चित्रपटात आपल्याला कसं हिणवलं, आवाज चढवावा की उतरवावा यावरून कसे खटके उडाले. आणि अदिती ते ऐकते. तिथून तिच्या डोळ्यांतला माणूस बदलतो. तारा जाऊन कारागीर दिसू लागतो. पिएरला ही वेळ एकदाही येत नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर तो याहून पुष्कळ क्षुल्लक पातळीवरचा आहे. मराठी चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच्या आठवड्यात हॉटेलच्या एका खोलीत मुलाखतींचा घाणा चालतो. मागे चित्रपटाच्या नावाचा फ्लेक्स, समोर दोन खुर्च्या, दारात पीआरची मुलगी हातात यादी घेऊन. एका वाहिनीचा बूम माइक निघतो, दुसऱ्याचा येतो. आत बसलेली नटी सकाळपासून तोच घोट पाणी पिते, त्याच जागी हसते. प्रश्न कुठले? सेटवरची धमाल सांगा. एकमेकांची काय खोडी काढली? डाएट काय? लग्न कधी? पीआरच्या मुलीनं बोटं दाखवली की उठायचं. मी अशी खोलीबाहेर ताटकळत बसले आहे, आत जाऊन तेच विचारलंही आहे. पुढे एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या घरी, वेळ हाताशी असताना, मी विचारलं की मालिकेत रोज रोज रडायचं कसं जमतं. त्या उठल्या, खुर्ची खिडकीच्या बाजूला फिरवली आणि म्हणाल्या, “उजेड या बाजूनं आहे ना, मग आधी हा डोळा भरायला हवा. दुसरा भरला तर कॅमेऱ्याला काय त्याचं?” आणि खरोखरच एकच डोळा भरून आणून दाखवला. मग शांतपणे पदरानं टिपला आणि सांगितलं की ग्लिसरीन लावलं की नाक चोंदतं, त्यामुळे पुढचं लांब वाक्य आधीच तोडून ठेवावं लागतं. एका दिवशी किती पानं येतात, पानं हातात कधी पडतात, कधी मेकअप चालू असताना, कधी शॉट लागल्यावर, हेही त्या सांगत गेल्या. मला त्या दुपारी जेवढं कळलं तेवढं सगळ्या प्रमोशनच्या मुलाखतींतून मिळून कळलं नव्हतं.

आपल्याकडच्या नट्यांनी हे आधीच लिहून ठेवलंय, हेही आपण विसरतो. ‘कुंकू’तली शांता आपटे सर्वांना ठाऊक आहे. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा तिनं पुण्यात ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषण केलं, तेही ठाऊक आहे. तिच्या तापटपणाच्या दंतकथा सिनेपत्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितल्या. पण १९४० साली तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. मराठी नटीनं, वयाच्या पंचविशीच्या आत, चित्रपटधंद्यात माणसं कशी राबवली जातात, पैसा कुठून येतो आणि कुणाकडे जातो, यावर लिहिलेलं पुस्तक! उपोषणाचा किस्सा शंभरदा छापून आला. त्या उपोषणामागचा विचार ज्या पुस्तकात आहे, ते फार थोड्यांनी उघडलं. नटीचा राग बातमीच्या लायकीचा आणि तिचा विचार मात्र नाही, ही खोड आपल्या धंद्याला तेव्हापासूनची आहे.

आणि तरीही, एक पत्रकार आणि एक नटी समोरासमोर बसल्यावर जे सर्वोत्तम घडू शकतं, ते मराठीतच घडलेलं आहे. हंसा वाडकर आणि अरुण साधू.

हंसा वाडकर म्हणजे ‘संत सखू’, ‘रामजोशी’, ‘सांगत्ये ऐका’. यातला शेवटचा १९५९ चा, अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो शंभराहून जास्त आठवडे चालला. त्याच नावानं तिचं आत्मकथन ‘माणूस’ या नियतकालिकात आलं आणि १९७० मध्ये पुस्तक झालं. सांगणारी ती, लिहून घेणारा साधू. साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या अजून व्हायच्या होत्या. तिशीही न गाठलेला एक वार्ताहर आणि पंचेचाळिशीच्या आसपासची, प्रसिद्धीचं शिखर पाहून उतरलेली नटी. तिनं काहीही झाकलं नाही. लहान वयात घरासाठी सिनेमात ढकललं जाणं, संसारातली भांडणं, गर्भपात, दारू, घर सोडून परक्या माणसाबरोबर मराठवाड्यातल्या गावात काढलेले दिवस. पिएरला जे घबाड वाटलं असतं, ते सगळं इथं आहे.

पण पुस्तक वाचताना घबाडाचा वास येत नाही, आणि त्याचं श्रेय दोघांचं आहे. तिच्या बोलण्याची लय साधूंनी मोडली नाही. छोटी वाक्यं, मध्येच तुटणारी, कुठेही समर्थन नाही, कुठेही दयेची याचना नाही. दुःखाच्या जोडीला कामही आहे: कुठल्या चित्रपटात कशी घेतली गेली, नाच कसा बसला, कुणाच्या हाताखाली काय उमगलं. तिच्या आयुष्याचा आणि तिच्या कामाचा पीळ सुटा करून दाखवण्याचा मोह त्या तरुण वार्ताहरानं टाळला. २०१३ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला तेव्हा अमराठी वाचकांनाही ते नवं वाटलं, याचं कारण मला यात दिसतं.

एक गोष्ट मात्र मला सलते. पुस्तकात साधू कुठेच नाहीत. सगळं ‘मी’च्या तोंडून. त्यांनी कुठला प्रश्न विचारला, कुठे ती गप्प झाली, कुठे तेच गप्प झाले, काय ऐकूनही लिहिलं नाही, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. शब्दांकनाची तीच रीत आहे आणि त्या काळी तो सभ्यपणाच होता. श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये या आत्मकथनावरून ‘भूमिका’ केला, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तिथंही ऐकणारा नाही. बेनेगलांना नटीचं आयुष्य दाखवायचं होतं आणि ते त्यांनी अजोड दाखवलं. गंमत म्हणजे स्मिता स्वतः मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असे. कॅमेऱ्यासमोर दुसऱ्यांच्या बातम्या वाचणारी मुलगी, थोड्याच वर्षांत तिच्या स्वतःच्या बातम्या होऊ लागल्या, आणि त्यांत तिच्या कामाची बातमी किती होती, ते त्या काळची सिनेसाप्ताहिकं उघडून आपणच पाहावं.

तेव्हा माझी एक मागणी आहे, आणि इथं चित्रपटाच्या क्षेत्रातली काही मंडळी बसली आहेत म्हणून ती उघडपणे करते. मराठीत हंसा वाडकर आणि अरुण साधू यांच्यावर दोन माणसांचा चित्रपट व्हायला हवा. ‘भूमिका’ची पुनरावृत्ती मी मागत नाही, गावं, सेट, गर्दी यांतलं काहीच नको. ती सांगते आहे आणि तो लिहून घेतो आहे, एवढंच. पैसा फार लागणार नाही. व्हॅन गॉगनं तीन साधे डिजिटल कॅमेरे आणि एक घर यांत भागवलं होतं. आपल्याकडे दोन पात्रांची नाटकं पेलणारे नट आहेत, लांबचे लांब संवाद एका दमात बोलणारी रंगभूमी आहे. हवा आहे तो लेखक, जो साधूंच्या न छापलेल्या प्रश्नांची कल्पना करू शकेल.

त्या चित्रपटात मला काय पाहायचंय ते सांगते. मराठवाड्यातल्या त्या दिवसांची हकीकत ती सांगत असताना या तरुणाची पेन्सिल कधी थांबली. पुढच्या वेळी येताना तो तिचा कुठला चित्रपट पाहून आला. त्यानं तिला दारूविषयी आधी विचारलं की नाचाविषयी. मजकूर छापायला जाण्यापूर्वी त्यानं तो तिला वाचून दाखवला का, आणि दाखवला असेल तर ऐकता ऐकता तिनं कुठलं वाक्य बदलायला सांगितलं. आणि सांगता सांगता ती किती वेळा खरोखर आठवत होती आणि किती वेळा, पट्टीच्या नटीसारखी, आठवण्याचा अभिनय करत होती. आणि ते त्या पोराला ओळखू येत होतं का.